एप्रिलची छाटणी

कार्मिनेशी गोड राहण्यात उल्हास जमदाडेचा फायदा होता बारा फूट बाय दहा फूट. एवढं वाढीव स्वयंपाकघर त्याला घराच्या मागे बांधायचं होतं, आणि शेजाऱ्याच्या भिंतीला खेटून पाया खणायचा तर शेजाऱ्याची सही लागत होती. मैत्री अशी फुटांत मोजणं सगळ्यांना जमत नाही. उल्हासला जमायचं, कारण तो लंडनच्या एका बँकेत जोखीम मोजणाऱ्या खात्यात होता, आणि बेडफर्डहून सकाळी सव्वासातच्या ट्रेनमध्ये बसला की मोजायला सुरुवात करायचा.

या बारा बाय दहासाठी त्यानं घातलं काय होतं, तेही बघू. दोन वर्षं दर आठवड्याला शेजारच्या म्हाताऱ्याचा कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढून नेणं. कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, पत्रं वाचून दाखवणं. दिवाळीत चकल्यांचा एक डबा. (चकल्या कार्मिनेला इतक्या आवडत, की डबा धुऊन परत येई आणि आत सुकी अंजिरं असत. म्हणजे हा खर्च खरा तर फिटलेलाच.) आणि ऐकणं. ऐकणं हा सगळ्यात मोठा खर्च होता.

कार्मिने त्र्याहत्तर वर्षांचा. पन्नास वर्षांपूर्वी दक्षिण इटलीतून, आवेल्लीनोच्या डोंगरातून, बेडफर्डच्या वीटभट्ट्यांवर कामाला आला. त्याचं इंग्रजीही वीटभट्टीतलंच, छोट्या छोट्या विटांसारख्या वाक्यांचं. त्यातून तो उल्हासला दर शनिवारी एकच गोष्ट सांगे. त्यांच्या डोंगरांवर व्हेसुव्हियसची राख पडलेली आहे. त्या राखेत आल्यानिको नावाचं काळं द्राक्ष येतं. ते इतकं उशिरा पिकतं की शेवटचे घड कधीकधी थंडीत हात चोळत तोडावे लागतात. त्याची वाइन होते ती काळी आणि हट्टी, वर्षानुवर्षं थांबल्याशिवाय बोलत नाही. तिला ताउराझी म्हणतात. फियानो आणि ग्रेको या तिथल्या पांढऱ्या वाइन. त्या, कार्मिनेच्या मते, पाव्हण्यांसाठी आणि डॉक्टरांसाठी. "तुझी बायको डॉक्टर आहे. तिला फियानो. तुला काहीच नको. तू ऐकत नाहीस, मान हलवतोस."

म्हातारा वाटतो तेवढा साधा नव्हता.

दरवर्षी शरद ऋतूत दक्षिणेतून द्राक्षांच्या पेट्या भरून एक लॉरी येई. बेडफर्डचे इटालियन म्हातारे डझनांनी पेट्या उतरवून घेत आणि आपापल्या गॅरेजमध्ये वाइन करत. कार्मिनेही करायचा. पण पिंपात सगळ्यात आधी पडायची ती त्याच्या स्वतःच्या वेलीची एक टोपली. इंग्लंडच्या उन्हात ती द्राक्षं कधी धड पिकलीच नव्हती. आंबट, टणक, हिरवट. तरी मान पहिला त्यांचा.

कारण ती वेल साधी नव्हती. ऐंशी साली त्याच्या गावाकडे भूकंप झाला. कार्मिने गेला तेव्हा घर पडलं होतं, थोरला भाऊ आणि वहिनी घराबरोबर गेली होती, आणि अंगणातली एक भिंत तेवढी उभी होती. भिंतीवर वडिलांनी लावलेली वेल. त्यानं दोन काड्या तोडून कोटाच्या आतल्या खिशात घातल्या. पुढच्या वर्षी यंत्रानं ती भिंतही साफ केली. दोन काड्यांतली एक इथे बेडफर्डला, गॅरेजच्या भिंतीशी, जगली.

आणि ती भिंत नेमकी तीच, जिला खेटून उल्हासचा पाया जायचा होता.

*

दोन हजार तीनच्या एप्रिलच्या सुरुवातीला उल्हासचे आईवडील सहा महिन्यांच्या व्हिसावर आले. ऋजुता, म्हणजे उल्हासची बायको, तिथल्याच हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर होती आणि तिला सातवा महिना होता. लीलावती, उल्हासची आई, सुटकेसमध्ये डिंक, खारीक आणि घरच्या बागेतले पाच किलो बेदाणे घेऊन आली. तिला काम ठरलेलं होतं. आप्पांना, म्हणजे शशिधर जमदाड्यांना, काहीच नव्हतं. तासगावजवळ चार एकर द्राक्षबाग चाळीस वर्षं सांभाळलेला माणूस. त्याच्या हातात मुलानं टीव्हीचा रिमोट दिला.

चौथ्या दिवशी आप्पांनी घरातल्या सगळ्या दारांना तेल घातलं. सहाव्या दिवशी तेल संपलं.

आठव्या दिवशी कार्मिनेनं कुंपणावरून त्यांना बघितलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. कार्मिनेनं आप्पांचा हात हातात घेतला, उलटा केला, तळवा बघितला, आणि गॅरेजमधून एक पत्र्याचा डबा आणून उघडला. आत निळी पूड.

"मोरचूद!" आप्पा ओरडले, जणू गावाकडचा माणूस भेटला. बोटावर घेऊन त्यांनी ती फवारायची खूण करून दाखवली. कार्मिनेनं तीच खूण परत केली. दोघं हसत सुटले.

"हा शेतकरी आहे," कार्मिने उल्हासला म्हणाला. "तू नाहीस. तुझ्यात काय झालं?"

दुसऱ्या दिवशी तो ईस्टरसाठी तीन आठवडे गावी निघाला. किल्ली उल्हासला दिली, टोमॅटोच्या रोपांना पाणी घालायला सांगितलं, आणि जाता जाता उल्हासला हवं होतं तेही बोलला. "आलो की तुझा कागद सही करतो. खण पाया. फक्त माझ्या मुळापासून दोन हात लांब."

उल्हासनं त्या दिवशी एजवेअरच्या बिल्डरला फोन करून मे महिन्याच्या शेवटची तारीख धरून ठेवायला सांगितली.

*

ईस्टर झाला, आणि त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला उल्हास घरी आला. आप्पा दारातच होते. अंगावर गावाकडची कोपरी, हातात छाटणीची कात्री, म्हणजे सिकेटर, चेहरा तासगाव सोडल्यापासून पहिल्यांदाच भरलेला.

"चल, दाखवतो," ते म्हणाले.

कार्मिनेच्या मागच्या अंगणात जाऊन उल्हासनं बघितलं. भिंतीवर कमानीसारख्या बांधलेल्या लांब काड्या आता नव्हत्या. होतं ते एक काळं खोड, दोन हात पसरलेले, आणि त्या हातांवर ओळीनं करंगळीएवढी खुंटं, प्रत्येकावर फुटायच्या बेतातला एकच डोळा. प्रत्येक खुंटाच्या कापलेल्या टोकाला वेलीतून झिरपलेला पाण्याचा थेंब. तो पडला की दुसरा.

"आप्पा, हे काय केलंत?"

"खरड छाटणी. एप्रिल सरत आला की रं. त्यो म्हातारा गेला गावाला, बागेत कुणी न्हाई, काड्या तशाच. म्हटलं आपण हाय तवर करून टाकू. बघ की, एकेक काडी एका डोळ्यावर घेतलीय."

"आप्पा, इथे एप्रिलमध्ये कापत नाहीत!"

"मग कधी कापत्यात?"

"जानेवारीत! एकदाच! त्यानं कापलंच होतं, तुम्ही ज्या काढल्यात ना, त्या त्यानं ठेवलेल्या काड्या होत्या. यंदाचं फळ त्यावर यायचं होतं!"

आप्पांनी एक थेंब बोटावर घेतला. तासगावला एप्रिलात वेल खरडून काढायची आणि ऑक्टोबरात पुन्हा छाटून फळ धरायचं, हे त्यांना श्वासासारखं होतं. पृथ्वीवर कुठे वेल वर्षातून एकदाच छाटत असतील, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग ते हळूच म्हणाले, "तरीच. मला वाटलं, डोळे एवढे फुगल्यात, म्हाताऱ्याला उशीर झाला."

घरी आल्यावर उल्हासनं जोखीम मोजायला घेतली आणि ती मोजमापाबाहेर गेली. जेवताना त्यानं तोडगा काढला. "आपण सांगू, कौन्सिलची माणसं आली होती. कुंपणावर वेल येते म्हणून कापून गेली."

"कौन्सिलनं?" आप्पा उखडले. "काडी डोळ्याच्या वर तिरकी कापलीय, बघितलीस का? कौन्सिलच्या बापाला जमंल व्हय असली छाटणी?"

ऋजुताला हसू आवरेना. पोट धरून म्हणाली, "उल्हास, आप्पा चूक कबूल करतील, पण क्रेडिट नाही देणार दुसऱ्याला."

"मी केलंय, मीच सांगणार," आप्पा म्हणाले. "तू नुसतं इंग्रजी कर."

*

तीन मे, शनिवार. कार्मिने टॅक्सीतून उतरला तेव्हा आप्पा टोपी घालून, हात जोडून त्याच्या दाराशी उभे होते, आणि दोन पावलं मागे उल्हास, इंग्रजी करायला.

कार्मिने वेलीपाशी गेला. खुंटं मोजल्यासारखी एकेक बघितली. पाणी ठिबकायचं आता थांबलं होतं. भिंतीवर ओघळ राहिले होते.

"एप्रिलमध्ये?" त्यानं विचारलं.

उल्हासनं सांगितलं. आमच्याकडे दोनदा छाटतात, एप्रिलात आणि ऑक्टोबरात. ऑक्टोबरात छाटलं की मग फळ येतं.

"इथे ऑक्टोबरनंतर काय येतं?" कार्मिने म्हणाला. उत्तराची वाट न बघता आत गेला आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी उल्हासच्या दाराच्या फटीतून एक कागद आत पडला. घराच्या पायाचा फॉर्म, चार घड्या घातलेला, सहीची जागा कोरी.

एजवेअरच्या बिल्डरला तारीख रद्द केल्याचं उल्हासनं कळवलं. नंतर कधीतरी त्याच्या लक्षात आलं, की फोन ठेवताना त्याला स्वयंपाकघराचं वाईट वाटलं होतं, वेलीचं नाही. तेव्हा काही ते लक्षात आलं नाही.

आप्पांनी मात्र कापलेल्या काड्या टाकल्या नव्हत्या. छाटणीच्याच दिवशी त्यांनी एक्केचाळीस चांगल्या काड्या निवडून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या होत्या. आता त्यांनी दह्याचे, आइस्क्रीमचे, घरात सापडतील ते सगळे प्लास्टिकचे डबे गोळा केले, तळाला खिळ्यानं भोकं पाडली, माती भरली, आणि प्रत्येकात एकेक काडी खोचली. ठेवले कुठे? जिथे बारा बाय दहाचं स्वयंपाकघर व्हायचं होतं, तिथेच. ऊन तिथेच चांगलं होतं.

"आप्पा, ती एक्स्टेन्शनची जागा आहे," उल्हास म्हणाला.

"तुझं एक्स्टेन्शन उगवलं की हलवतो डबे."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उर्वी जन्मली. ऋजुता घरी आली त्या संध्याकाळी दारात एक झाकलेलं पातेलं ठेवलेलं दिसलं. बेल वाजली नव्हती. आत कोंबडीचं गरम पातळ सूप आणि त्यात हातानं केलेल्या बारीक शेवया.

लीलावतीनं झाकण उघडलं, वास घेतला. स्वतः ती माळकरी, खाणार नव्हती. पण बाळंतिणीचं अन्न तिला कळत होतं. "माणूस रागावलाय," ती म्हणाली, "पण बाळंतिणीवर न्हाई."

पातेलं धुऊन तिनं त्यात शिरा भरला आणि कार्मिनेच्या दारात ठेवून आली. रिकामं भांडं परत करायचं नसतं. दोन दिवसांनी पातेलं परत आलं, आत बटाटे आणि पास्ता. मग ते मेथीचे लाडू घेऊन गेलं. ऋजुताच्या बाळंतपणाच्या सव्वा महिन्यात ते पातेलं सहा वेळा कुंपण ओलांडून गेलं आणि आलं, आणि दोन्हीकडच्या पुरुषांनी एकमेकांशी एक शब्द काढला नाही.

"अहो, पातेल्यात चिठ्ठी घालू का तुमची?" लीलावतीनं नवऱ्याला विचारलं.

"घाल. पण चिठ्ठी वाचायला तुझ्या लेकालाच बोलावंल त्यो," आप्पा म्हणाले.

वेल मेली नव्हती. जूनपर्यंत तिच्यावर पानांची छत्री झाली. पण पानंच, घड एकही नाही. आप्पा रोज सकाळी कुंपणापाशी उभे राहून तिला बघायचे आणि परत येऊन डब्यांना पाणी घालायचे. एक्केचाळीसपैकी चोवीस काड्या सुकल्या. सतरांना पालवी आली.

*

मग तो उन्हाळा आला. दोन हजार तीनचा ऑगस्ट ज्यांनी इंग्लंडमध्ये काढला त्यांना सांगायला नको. गवत पिवळं झालं, ट्रेन रूळ तापतात म्हणून हळू चालू लागल्या, ऑफिसातले लोक टाय सोडून फिरू लागले. लीलावती म्हणाली, "आत्ता कुठं माणसाचं हवामान झालं."

दहा ऑगस्टला, रविवारी, उल्हास मागच्या अंगणात उर्वीला घेऊन सावलीला उभा होता. कुंपणापलीकडे कार्मिने बनियनवर बसला होता, वेलीखाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो आपणहून बोलला.

"अठ्ठावीस नोव्हेंबरला मी काड्या तोडल्या. ऐंशी साली. तेव्हापासून इथे ऊन मोजतो मी. दरवर्षी म्हणतो, यंदा पिकणार. कधीच पिकलं नाही. कधी पाऊस, कधी ढग, कधी सप्टेंबरात थंडी. बावीस वर्षं." त्यानं वर आकाशाकडे बोट केलं. "हा उन्हाळा. हा माझ्या बापाच्या डोंगरावरचा उन्हाळा आहे. यंदा पिकलं असतं. मी त्र्याहत्तरचा. असा उन्हाळा पुन्हा कधी?"

आकडे उल्हासच्या ओळखीचे होते, पण हे बावीस कशात मांडायचे ते त्याला कळेना. उर्वी त्याच्या खांद्यावर घामेजून झोपली होती.

"तुझ्या बापाला सांग," कार्मिने म्हणाला. "शिवी म्हणून नाही. त्याला कळेल, म्हणून सांग. तुला सांगून काय उपयोग?"

उल्हासनं घरात जाऊन आप्पांना सगळं सांगितलं. आप्पा म्हणाले, "बावीस हंगाम." मग, "एवढं कुणी माझं केलं असतं तर मी कोयता काढला असता. ह्यानं शेवया पाठवल्या."

ते उठले, अंगणात गेले, आणि सतरा डब्यांतला सगळ्यात चांगला, आइस्क्रीमचा निळा डबा दोन्ही हातांनी उचलून कुंपणावर धरला. काडीला तीन वीत लांब कोवळा फुटवा आला होता. उल्हास पळत मागे गेला, इंग्रजी करायला.

कार्मिनेनं डबा घेतला नाही. पान उलटं करून बघितलं. मग मागे वाकून त्या बारा बाय दहावर ओळीनं ठेवलेले बाकीचे सोळा डबे बघितले.

"हे सगळे... हिचे?"

"व्हय," आप्पा म्हणाले. "त्याला विचार, बावीस वर्षं एकच वेल? एका वेलीवर कोण शेतकरी निवांत झोपतो? उद्या कीड लागली, वारं लागलं, तर?"

उल्हासनं विचारलं. कार्मिनेचा चेहरा आधी ताठ झाला आणि मग एकदम उतरला. "जानेवारीत कापायचो ना, त्या काड्या मी जाळायचो," तो म्हणाला. "त्यावर सॉसेज भाजायचो. चव चांगली येते."

आप्पांना हे कळल्यावर ते असे हसले, की लीलावती बाहेर आली. "अगं, मी एकदा कापली," ते म्हणाले, "ह्यानं बावीस वेळा जाळली!"

कार्मिनेला मराठी येत नव्हतं, पण आपल्याला हसतायत एवढं कळायला भाषा लागत नाही. त्यानं डबा घेतला.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला आप्पा वेलीला पाणी घालायला पलीकडे जाऊ लागले. किल्ली पुन्हा मिळाली होती. या वेळी उल्हासला नाही, त्यांना.

*

त्या वर्षी उन्हानं द्राक्षं सगळीकडेच लवकर आली. लॉरी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच बेडफर्डला लागली, आणि शनिवारी सकाळी कार्मिनेनं उल्हासची बेल वाजवली. "शशी कुठे?"

आप्पांचं आयुष्यात कुणी असं नाव घेतलं नव्हतं. ते कोपरी घालून तयारच होते.

दिवसभर दोघांनी पेट्या उतरवल्या, घड निवडले, उसाच्या चरकासारखं दिसणारं एक यंत्र हातानं फिरवलं. उल्हास रस काढायच्या बादल्या वाहत होता. संध्याकाळी पिंप भरायची वेळ आली, तेव्हा कार्मिने कोपऱ्यातून एक जुनी वेताची टोपली घेऊन आला. रिकामी. ती हातात धरून तो पिंपापाशी उभा राहिला. पहिला मान तिचा, आणि आत काही नाही.

आप्पा गॅरेजमधून बाहेर पडले. कुंपणापलीकडून लीलावतीचा आवाज आला. "अहो, बाळंतिणीचे हायत ते! सगळे कशाला नेताय?"

परत आले ते बेदाण्यांची पिशवी घेऊन. दोन किलो तरी असतील. टोपलीत त्यांनी ती ओतली.

कार्मिनेनं एक उचलून दातांत धरला, डोळे मिटून चावला. "कुणाचे?"

"माझे," आप्पा म्हणाले. "म्हणजे माझ्या बागेतले. सांग रं त्याला. काळी माती, खाली काळा कातळ."

उल्हासनं सांगितलं, आणि त्याला शाळेतला भूगोल आठवला म्हणून वर घातलं, की तो कातळ लाव्हाचा आहे. अख्खं पठारच लाव्हाचं.

"लाव्हा?" कार्मिने सावध झाला. "मग डोंगर कुठे? आम्हाला व्हेसुव्हियस आहे. तुमचा कुठे?"

"डोंगर नव्हता. जमीनच फाटली होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी. थरावर थर."

"डोंगराशिवाय लाव्हा," कार्मिने आप्पांकडे बघत म्हणाला. "विचारल्याशिवाय छाटणी. तुम्ही लोक सगळंच असं करता?"

उल्हासनं ते जसंच्या तसं मराठीत केलं. आप्पांनी मान डोलावली. "खरं हाय त्याचं."

"आमच्याकडे वाईट वर्षी म्हातारी माणसं पिंपात सुकी द्राक्षं घालायची," कार्मिने म्हणाला, आणि टोपली पिंपात उलटी केली. वरून काळा रस ओतला. बेदाणे एकदा वर आले आणि गेले.

त्यानं ताज्या रसाचा एक ग्लास भरून आप्पांपुढे धरला. आप्पांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. चाळीस वर्षं द्राक्षं काढून त्यांनी वाइनचा थेंब चाखला नव्हता. "अजून दारू झाली न्हाई ना ही?"

"नाही आप्पा, आज नुसता रस आहे."

ते प्यायले. तोंड आंबलं, मग जरा थांबले. "लांब राहतं," ते म्हणाले. "गिळलं तरी जात न्हाई."

कार्मिनेला हे इंग्रजीतून कळलं तेव्हा तो म्हणाला, की आवेल्लीनोचे शहाणे लोक याच गोष्टीवर तासभर बोलतात. मग त्यानं खिशातून पेन काढलं. "तुझा कागद आण, उलास."

सही पिंपाच्या झाकणावर झाली. एका कोपऱ्यावर काळ्या रसाचा ठिपका पडला.

*

चार ऑक्टोबरला आईवडिलांचं विमान होतं. त्याच्या आदल्या दोन दिवसांत आप्पांनी काय केलं, ते उल्हासनं ट्रेनमधून येऊन बघितलं. सतरांपैकी अकरा डबे कार्मिनेच्या ताब्यात गेले होते. बेडफर्डच्या इटालियन क्लबातल्या त्याच्या गाववाल्यांना वाटायला. उरलेले सहा आप्पांनी जमिनीत लावले होते. त्याच बारा बाय दहावर.

उल्हासच्या खिशात सही केलेला कागद होता. तो अंगणाच्या कडेला उभा राहिला. आप्पांनी हात झटकले आणि म्हणाले, "अंतर अंदाजानं धरलंय. तुझ्याकडं टेप हाय ना? बघ बरं, पाच फूट बसतंय का."

उल्हासनं आत जाऊन तोच टेप आणला, ज्यानं दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघर मोजलं होतं. गुडघ्यांवर बसून मोजलं. एक वेल चार इंच सरकवावी लागली. ती त्यानं स्वतः सरकवली.

विमानतळावर जाताना आप्पांना एकच घाई होती. तासगावला ऑक्टोबर छाटणी सुरू झाली होती.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका रविवारी दुपारी कार्मिनेनं पिंप उघडलं. सेंट मार्टिनच्या सणाला नवी वाइन चाखतात. उल्हास आणि ऋजुता गॅरेजमध्ये, उर्वी कार्मिनेच्या कडेवर. वाइन काळी होती, जिभेला खरखरीत, आणि अगदी शेवटी, जिथे ती कडवट संपायला हवी होती, तिथे एक गोडसर काहीतरी होतं. कार्मिनेनं दोनदा चाखली आणि म्हणाला, "डोंगर नसलेला लाव्हा."

उल्हासनं कॉलिंग कार्डवरून तासगावला फोन लावला.

"कशी झालीय?" आप्पांनी विचारलं.

"तुमचे बेदाणे लागतात आप्पा. शेवटी."

"आणि वेली? पानं गळली का? आता हात लावू नगंस. जानेवारीत म्हाताऱ्याला विचारून काप. विचारून, ऐकलंस का?"

कार्मिनेनं फोन हिसकावून घेतला. "शशी! एप्रिलमध्ये येऊ नकोस! मे!" पलीकडे आप्पा काहीतरी मराठीत ओरडत होते. दोघंही एकदमच बोलत होते, आणि दोघांनाही पोचत होतं.

घरी येताना उल्हास सवयीनं मांडायला लागला. आईचे बेदाणे दोन किलो, पण पातेलं सहा वेळा भरून आलं. आप्पांचे सहा महिने. ते तर त्यांनी जाताना नफ्यात धरले. आणि माझं स्वयंपाकघर, तो म्हणाला.

"जे बांधलंच नाही, ते तुझं होतं कधी?" ऋजुतानं विचारलं, आणि तो आकडा खोडला गेला.

त्यांच्याकडे सहा वेली होत्या, शेजारी होता, मुलीला एक आजोबा जास्तीचा होता. खर्चाच्या बाजूला उरला तो दोन हजार तीनचा उन्हाळा. तो एकट्या कार्मिनेनं भरला, आणि वर दिवाळीचा चकल्यांचा डबा धुऊन परत पाठवला, आत अंजिरं घालून.